बारा बादल्या आणि दोन तांबे

नववीत विज्ञानाच्या बाईंनी आम्हाला मैदानावर नेलं आणि पंधरा लिटरच्या बारा बादल्या ओळीनं मांडायला लावल्या. म्हणाल्या, "तुमची मूत्रपिंडं दिवसभरात एवढं गाळतात, १८० लिटर." मग शेवटच्या बादलीशेजारी पाण्याचे दोन तांबे ठेवले. "आणि बाहेर टाकतात एवढंच. बाकी सगळं रक्तात परत." किती परत घ्यायचं हे कोण ठरवतं, हा त्यांचा पुढचा प्रश्न. शरीर आतली स्थिती अशी कायम राखतं, या समतोलाला वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानं १९२६ साली होमिओस्टॅसिस हे नाव दिलं, हेही त्यांनीच सांगितलं.

मी आज डायलिसिस तंत्रज्ञ आहे, म्हणजे मूत्रपिंडं निकामी झालेल्यांचं रक्त मशीननं गाळणारा. त्या प्रश्नाचं उत्तर मला रोज लागतं.

रक्त किंचित दाट झालं की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला ते लगेच कळतं. तहान लागते, आणि त्याच वेळी एडीएच हे संप्रेरक रक्तात उतरून मूत्रपिंडांना पाणी राखायला लावतं. रक्त पूर्ववत झालं की दोन्ही आपोआप थांबतं. आमच्या मशीनला हे स्वतःहून कळत नाही. पेशंटला वजनकाट्यावर उभं करायचं, वाढलेलं वजन पाहून किती पाणी काढायचं तो आकडा आपण घालायचा. आठवड्यातून तीन वेळा, चार-चार तास. पाणी भराभर निघालं तर बीपी उतरतं. मानेतल्या धमनीतल्या दाबग्राहींना, म्हणजे रक्ताचा दाब ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांना, ते आधी कळतं, नाडी जलद होते, हात गार पडतात. शरीर आपल्या परीनं सावरत असतं. ते कमी पडू लागलं की काही पेशंट जांभया देऊ लागतात. त्या दिसल्या की मी काढायचा वेग कमी करतो, पाय उंच करतो आणि पुन्हा बीपी बघतो.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते तहानेचं. दोन डायलिसिसच्या मधे पेशंटचं वजन तीन किलोनं वाढलं की घरचे त्याच्यावर चिडतात: "आजोबा, किती सांगायचं, पाणी पिऊ नका म्हणून!" पण आजोबांची तहान खोटी नसते. जेवणात लोणचं झालं, पापड झाला, रक्तातलं मीठ वाढलं आणि हायपोथॅलॅमसनं आपलं काम चोख केलं. बिघडलंय ते पुढचं, पाणी बाहेर टाकणारं. अशा माणसाला पाण्यावरून बोलणं हा अन्याय आहे, असं माझं ठाम मत आहे. बोलायचं ते मिठाबद्दल.

म्हणून मी केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बाण काढून दाखवतो: मीठ, दाट रक्त, तहान, पाणी, आणि मूत्रपिंडाशी अडलेला बाण. बहुतेक वेळा सूनबाईच विचारतात, "म्हणजे भाकरीच्या पिठातही मीठ नको का?" तिथून पुढं आमचं बोलणं स्वयंपाकाबद्दलच होतं.