धुक्यातला सडा आणि 19 बिंदू

अर्ध्या तासापूर्वी आम्ही ज्या पवनचक्कीखाली बसून शेंगा खाल्ल्या होत्या, तिच्याचपाशी परत आलो होतो. खांबावर रंगवलेला नंबर तोच. तरी मी म्हणत होतो, नंबर सारखे असतील. मेव्हण्याने खाली बोट दाखवलं. "दाजी, टरफलंपण सारखीच?"

ही गोष्ट मागच्या पावसाळ्यातली, चाळकेवाडीच्या सड्यावरची. सज्जनगडाचा फाटा मागं टाकून ठोसेघरच्या वर चढलं की हा सपाट कातळ लागतो आणि वनकुसवड्याकडं पसरत जातो. उन्हाळ्यात तिथं हरवायचं म्हटलं तरी जमायचं नाही. ऑगस्टमध्ये मात्र धुकं उतरलं की पाच पावलांवरचा माणूस दिसत नाही, पवनचक्क्या नुसत्या ऐकू येतात आणि वाऱ्यामुळं तो आवाज कुठून येतोय तेही कळत नाही. त्यात ढोरवाटा. एकीच्या चार होतात, चारीच्या परत दोन. त्या दिवशी आम्ही शेवटी डांबरी रस्त्याला लागलो ते नशिबानं.

दिवाळीनंतर मी एक वापरलेलं ईट्रेक्स 20 घेतलं, म्हणजे हातात धरायचं जीपीएस यंत्र. मुठीत मावणारं, दोन पेन्सिल सेलवर चालणारं. "मोबाईल असताना हे डबडं कशाला?" असं घरी विचारलं गेलंच. उत्तर सोपं होतं. पावसात मोबाईलची काच ओल्या बोटांना दाद देत नाही, आणि ईट्रेक्सला बटणं आहेत, बोट ओलं असो की चिखलाचं. सेल संपले तर खिशातली दुसरी जोडी घालायची. कंपनी एका जोडीवर 25 तास म्हणते, मला तेवढे कधी मिळाले नाहीत, पण एका दिवसाला पुरून उरतात. (मेनूत सेलचा प्रकार निवडायचा असतो. चार्जिंगचे घालून अल्कलाइन निवडलं तर बॅटरीची खूण खोटं बोलते.) रेंजचा मात्र यात काही संबंध नाही, तो गैरसमज आमच्या ऑफिसात अजून आहे. जीपीएसचे उपग्रह 20,200 किलोमीटरवरून संदेश पाठवत राहतात, चार तरी ऐकू आले की यंत्र आपली जागा काढतं. मोबाईलचंही तसंच, फक्त नकाशा आधी उतरवून ठेवलेला हवा.

मार्ग आखायला बसलो तेव्हा मला वाटलं होतं, तासाभराचं काम आहे. लॅपटॉपवर उपग्रहाचं चित्र उघडलं, ठोसेघरपासून निघून सड्यावरून फिरून परत येणारं 11 किलोमीटरचं वळण मनात होतं, त्यावर सहा बिंदू टाकले, यंत्रात भरले. यंत्रानं "मार्ग काढतोय" असं म्हणून जे काही दाखवलं, त्यात आमचं पायी चालणं थेट डांबरी रस्त्यावर नेऊन ठेवलं होतं. आधीच्या मालकानं मोटारीचा पर्याय निवडून ठेवला होता. रस्ते असलेला नकाशा यंत्रात असला की ते बिचारं आपल्या परीनं गाडीरस्ता शोधतं. सेटिंगमध्ये जाऊन 'डायरेक्ट' केलं, रस्त्याला चिकटायचं बंद केलं. मग सहा बिंदू सरळ रेषांनी जोडले गेले आणि मला हायसं वाटलं. ते चुकीचं हायसं होतं, पण ते नंतर कळलं.

त्याआधी एक वेगळाच घोळ. सड्यावर बारमाही पाणी राहणारं एक टाकं आहे, ते माझ्या एका मित्राला माहीत होतं. त्यानं फोनवर सांगितलं, "17 अंश 35.2, 73 अंश 50.4." मी लिहून घेतलं आणि यंत्रात 17.352 आणि 73.504 असं भरलं. यंत्र म्हणालं, इथून 64 किलोमीटर. सातारच्या माझ्या घरातून ठोसेघरचा माथा सरळ रेषेत 20 किलोमीटरच्या आसपास. नकाशा लांब केला तर टाकं घाट उतरून चिपळूणच्याही खाली कोकणात जाऊन बसलेलं! मित्रानं अंश आणि मिनिटं सांगितली होती, मी त्यांना अंशाचे दशांश समजलो. 35.2 मिनिटांना 60 नं भागायचं, मग 17.5867 येतं. रेखांशाचं तसंच, 73.84. तेव्हापासून फोनवर कुणी आकडे सांगितले की मी आधी विचारतो, "यातली मिनिटं आहेत का रे?" आणि बिंदू भरला की अंतर बघतो. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे 1.85 किलोमीटर, हे डोक्यात असलं की वेडंवाकडं काही आलं तर लगेच खटकतं.

मे महिन्याच्या शेवटी मी मोटरसायकल घेऊन एकटाच वर गेलो, आखलेला मार्ग चालून बघायला. त्या दिवशी सहा बिंदूंचं पितळ उघडं पडलं. दुसऱ्या बिंदूपासून तिसरा 240 मीटर, बाण सरळ समोर. समोर घळ. खोल, करवंदाच्या जाळ्यांनी भरलेली. वाट घळीला वळसा घालून डाव्या हातानं जात होती आणि बाण हट्टानं उजवीकडं दाखवत होता. यंत्राची काही चूक नव्हती, त्याला मी दोन टोकं दिली होती आणि त्यानं दोन टोकांमधली दोरी ताणली होती. पावसाळ्यात धुक्यात हाच बाण बघून आम्ही सातजण घळीच्या तोंडाशी गेलो असतो.

तिथं एक मामा म्हशी चारत होते. मी वळशाच्या वाटेवर बिंदू नोंदवतोय हे ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "ही वाट पावसात जात न्हाय बघा. हितं वढ्याला पानी असतंय, म्हसरंबी आमी वरनं घालतो." वरची वाट त्यांनीच चालून दाखवली. जिथं जिथं ते वळले तिथं मी बटण दाबून बिंदू घेतला. निघताना मामांनी यंत्र हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"म्हस हरवली तर घावंल का ह्याच्यात?"

"नाही मामा. हे नुसतं ऐकतं, बोलत नाही. म्हशीच्या गळ्यात बांधलं तर ती कुठं आहे ते म्हशीला कळंल. आपल्याला नाही."

"मग तिला कळतंयच की," मामा म्हणाले.

घरी येऊन सगळं पुसलं आणि पुन्हा आखलं. या खेपेला सर्व्हे ऑफ इंडियाचा 1:50,000 चा नकाशाही समोर ठेवला. दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर, दर 20 मीटरला एक समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ. उपग्रहाच्या चित्रात घळ म्हणजे नुसता हिरवा ओघळ दिसतो, समोच्च रेषा एकमेकींना चिकटल्या की मात्र घळ बोलायला लागते. चित्रही मी एप्रिल-मे महिन्यातलं निवडलं, कारण गवत वाळलेलं असताना ढोरवाटा कातळावर खडूनं ओढल्यासारख्या दिसतात. जुन्या तारखांची चित्रं बघायची सोय असते, ती बऱ्याच जणांना ठाऊक नसते. जुना नकाशा वापरणाऱ्यांनी एक बघावं, त्याचा आधार एव्हरेस्ट गोलक, म्हणजे पृथ्वीच्या आकाराचं जुनं माप असतं, आणि यंत्र डब्ल्यूजीएस 84 हे जीपीएसचं माप धरून चालतं. आकडे तसेच उचलले तर बिंदू जागचा सरकतो.

बिंदू झाले 19. समान अंतरानं एकही नाही. उघड्या सड्यावर जिथं एकच सरळ वाट आहे तिथं दीड किलोमीटरला एकही बिंदू नाही, आणि घळीच्या वळशाला चार. हिशोब एवढाच ठेवला की जिथं माणूस थांबून "आता कुणीकडं?" विचारील तिथं बिंदू. वाट फुटते तिथं, आणि फुटल्यावर बरोबर वाटेला लागलो हे कळायला पुढं पन्नास पावलांवर आणखी एक. याखेरीज पश्चिमेच्या कड्याला वेगळी खूण केली आणि तिच्याभोवती 100 मीटरचा गजर लावला. तेवढ्या अंतरात गेलं की यंत्र ओरडतं.

नावं देणं हे जिकिरीचं. छोटी दांडी अंगठ्यानं ढकलत एकेक अक्षर टिपायचं, तेही इंग्रजी. 'टाकं' लिहिलं ते मेव्हण्यानं 'टेक' वाचलं. "तिथं काय घ्यायचंय, दाजी?" पाण्याच्या बाटल्या भरायच्या होत्या, म्हणजे तसं बरोबरच होतं.

आणखी एक बारकावा. डायरेक्ट मार्गात पुढच्या बिंदूवर कधी जायचं हे यंत्र आपोआप ठरवतं, पण आमचं जाणं-येणं एका ठिकाणी अगदी जवळून होतं. जूनच्या चाचणीत तिथं पोचताच त्यानं मधले बिंदू सोडून परतीचा बाण दाखवायला सुरुवात केली. मग 'अंतरावर' हा पर्याय घेतला आणि 30 मीटर दिले. बिंदूच्या 30 मीटर आत आल्याशिवाय पुढचा नाही.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी आम्ही सातजण सकाळच्या एसटीनं ठोसेघरला उतरलो. मेव्हणा, मेव्हण्याची बायको, ऑफिसातले चौघं आणि मी. उतरल्या उतरल्या यंत्र चालू करून मोकळ्यावर ठेवलं, चहा होईपर्यंत उपग्रह सापडले, अचूकता 4 मीटर. ट्रॅकची, म्हणजे चाललेल्या वाटेची, नोंद चालू आहे ना ते दोनदा बघितलं. यंत्र खिशात न ठेवता सॅकच्या पट्ट्याला खांद्यावर अडकवलं, आकाश जितकं दिसेल तितकं बरं.

चौथ्या बिंदूला धुकं आलं. आलं म्हणजे दहा मिनिटांत सगळं गेलं. मी थांबलो, यंत्र हातात घेतलं, आणि बाण भिरभिरायला लागला. मागं सहा माणसं माझ्या तोंडाकडं बघतायत आणि बाण एकदा कोकणाकडं, एकदा कराडकडं. ईट्रेक्स 20 मध्ये खरा होकायंत्राचा भाग नाही. आपण चालतोय त्यावरून ते दिशा काढतं, उभ्या माणसाची दिशा त्याला कळत नाही. हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं, पण अंगावर धुकं असताना ते आठवायला अर्धं मिनिट लागलं. दहा पावलं चाललो, बाण जागेवर आला. मग साधा होकायंत्र पण गळ्यात अडकवला आणि तेव्हापासून तो तिथंच आहे.

घळीचा वळसा निघाला. मामांनी सांगितलेली वाट घळीच्या डोक्यावरनं गेली, खाली पाण्याचा आवाज येत होता, दिसत काही नव्हतं. टाकं सापडलं, आकड्यांपासून सात-आठ मीटरवर. 2 मे 2000 पर्यंत अमेरिकेनं सामान्य लोकांसाठीचा संदेश मुद्दाम बिघडवून ठेवलेला असायचा आणि शंभरेक मीटरची चूक नेहमीची होती. तेव्हा हे टाकं हातानं चाचपत शोधावं लागलं असतं.

कड्याच्या बाजूचा गजर मला ऐकूच आला नाही. वारा एवढा होता की शेजारचा बोललेला कळत नव्हता, त्यात ती चिमणीएवढी पीप. मेव्हण्याची बायको माझ्या डाव्या खांद्याशी चालत होती, तिनं बाही ओढली. "भाऊजी, तुमचं ते वाजतंय." पडद्यावर कडा 92 मीटर. आम्ही वाटेवरून उजवीकडं घसरलो होतो, कधी ते कुणालाच सांगता आलं नसतं. नकाशाच्या पानावर मागं सोडलेली ट्रॅकची रेघ बघत उलटे वाटेवर आलो. पुढं यंत्र तिच्याच हातात दिलं, तिचे कान चांगले आहेत.

पंधराव्या बिंदूला धुक्यातून तो खांब आला. तोच नंबर. मुद्दामच मार्गात घातला होता. मेव्हण्यानं सॅकमधून शेंगांची पुडी काढली, आणि या वेळी टरफलं पिशवीत भरून घेतली.

रात्री लॅपटॉपला वायर जोडून चाललेली रेघ आखलेल्या रेघेवर टाकली. 11 च्या जागी 12.4 किलोमीटर. चौथ्या बिंदूपाशी एक पोरानं गिरगोटल्यासारखा गोळा आहे, तो मी उभा राहिलो तिथला. कड्याकडं गेलेला फुगवटा ठळक दिसतो, साधारण 60 मीटरचा, आणि त्याच्या आधी 600 मीटरमध्ये माझा एकही बिंदू नाही. तिथं दोन घातले. नववा आणि दहावा कुणी बघितलेसुद्धा नव्हते, ते पुसले.