डुकराने खाल्लेला प्लॉट आणि एफची दोन उत्तरं

एका कृषी संशोधन केंद्राला आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेत छोटं पॅकेज (आरला जोडायचा जादा कोड) लिहून दिलं होतं. वाणांच्या चाचण्यांचा डेटा एक्सेलमधून घ्यायचा, आरबीडीचा (शेताचे ब्लॉक पाडून प्रत्येकात सगळे वाण लावायच्या पद्धतीचा) अनोव्हा, म्हणजे वाणांमधला फरक खरा की योगायोगाचा हे तपासणारं गणित, काढायचा आणि वार्षिक अहवालात चिकटवता येईल असा मराठी तक्ता द्यायचा, एवढंच काम. त्यांचा जुना प्रोग्रॅम नव्या विंडोजवर उघडेना आणि तो लिहिणारे गृहस्थ केव्हाच निवृत्त झालेले.

सॉफ्टवेअर बसवणं म्हणजे नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश असं लोकांना वाटतं. घरी बांधलेलं पॅकेज इतक्या सुखासुखी बसत नाही. माझा एक भाग सी प्लस प्लसमध्ये आहे. तो विंडोजवर कंपाइल करायचा (यंत्राच्या भाषेत आणायचा) तर आरटूल्स लागतं, तेही आरच्या त्या त्या आवृत्तीच्या जोडीचंच. त्यांच्या डेस्कटॉपवर ना अ‍ॅडमिनचे अधिकार ना धड इंटरनेट. म्हणून लॅपटॉपवरच आधीच कंपाइल केलेली बायनरी झिप बांधून, आर आणि सी प्लस प्लस जोडणाऱ्या आरसीपीपी पॅकेजची झिप सोबत घेऊन, पेनड्राइव्ह खिशात टाकून गेलो. झिप उलगडताच अँटिव्हायरसने माझी डीएलएल (कंपाइल झालेल्या कोडची फाइल) क्वारंटाइनमध्ये टाकली. ती सोडवायला कॉम्प्युटर सेक्शनच्या साहेबांना विचारावं लागतं आणि साहेब जेवायला गेलेले. सरकारी कचेरीतलं जेवण या विषयावर मी वेगळं लिहू शकतो.

डीएलएल सुटली, तरी पॅकेज लोड होईना. फोनवर ‘आर लेटेस्ट आहे’ असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात निघालं ४.१. यातली गोम बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. २०२२ साली आलेल्या ४.२ मध्ये आरने विंडोजवरची सी रनटाइम लायब्ररीच बदलली, त्यामुळे बदलाच्या एका बाजूला कंपाइल केलेलं पॅकेज दुसऱ्या बाजूला चालत नाही. त्याच बदलामुळे विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांवर आर आतून यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या मावणारी अक्षरांची नोंद-पद्धत) झालं. त्याआधी देवनागरीचे हाल होते, कारण विंडोजमध्ये सिस्टिमचं कोडपेज (अक्षरांचा तक्ता) म्हणून देवनागरी निवडताच येत नसे. ४.१ मध्ये त्यांची फाइल उघडून पाहिली तर एका ओळीत उत्पादनाच्या जागी कंसामागून कंस, आत अक्षरांचे युनिकोड क्रमांक: यू+०९२१, यू+०९४१, यू+०९१५... नवं आर त्याच यूजरच्या फोल्डरमध्ये टाकलं (त्याला अ‍ॅडमिन लागत नाही), पॅकेज बसलं, फाइल पुन्हा उघडली. तिथे लिहिलं होतं, ‘डुकराने खाल्ले’.

भुईमुगाची चाचणी, सहा वाण, चार रेप्लिकेशन (म्हणजे चार ब्लॉक). एक प्लॉट रानडुकरांनी रात्रीत उकरलेला. टायपिस्टबाईंनी आकड्याच्या रकान्यात खरं काय घडलं ते लिहून टाकलं. आर त्यामुळे अख्खा रकाना मजकूर समजतं, पण बाईंबद्दल माझी तक्रार नाही. शून्य टाकणारे महाभाग मी पाहिलेत. शून्य टाकलं की डुकराचा पराक्रम वाणाच्या नावावर जमा होतो.

ती एक नोंद ‘माहिती नाही’ अशी वाचायला लावली आणि अनोव्हा काढला. वाणांचा एफ, म्हणजे वाणांमधला फरक नुसत्या योगायोगाच्या चढउताराच्या (एररच्या) किती पट, तो आला २.८१. पाच आणि चौदा डिग्रीज ऑफ फ्रीडमला (गणितात मोकळ्या उरणाऱ्या आकड्यांच्या संख्येला) पाच टक्क्यांचा टेबलातला आकडा २.९६, तो ओलांडला तरच फरक सिग्निफिकंट. म्हणजे तक्त्यात सीडीच्या (दोन वाणांत किमान किती फरक हवा त्या आकड्याच्या) जागी ‘एनएस’, नॉट सिग्निफिकंट.

केंद्राचे ब्रीडर (नवे वाण तयार करणारे) सर शेजारीच बसले होते. त्यांनी खणातून कागद काढला. जुन्या पद्धतीने कॅल्क्युलेटरवर केलेलं गणित, एफ ३.०८, सिग्निफिकंट. ‘तुमचं सॉफ्टवेअर चुकतंय.’

दोन्ही तक्ते शेजारी ठेवले. एररचा मीन स्क्वेअर (एफचा छेद) शेवटच्या दशांशापर्यंत तोच, फरक फक्त वाणांच्या ओळीत. तिथेच उलगडा झाला. सरांनी फ्रँक येट्सच्या १९३३ च्या सूत्राने हरवलेल्या प्लॉटचा अंदाज काढून तो भरला होता आणि एररची एक डिग्री कमी केली होती. इथवर बरोबर. पण असा अंदाज भरला की वाणांची सम ऑफ स्क्वेअर्स (जिच्यावरून एफचा अंश निघतो) थोडी फुगते. ती सूज किती, याचंही सूत्र आहे: त्या ब्लॉकच्या उरलेल्या बेरजेतून अंदाजाची पाचपट वजा करायची, वर्ग करायचा, तिसाने भागायचं. ही पायरी शिकवताना बहुतेक ठिकाणी गाळतात. मी सरांच्याच कॅल्क्युलेटरवर तेवढं वजा करून दाखवलं. आलं २.८१.

सर थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘डुकरानं नेमका चांगला वाण खाल्ला हो. त्यालाही कळतं.’ थट्टेत म्हणाले, पण माणूस खोटा नाही. तो वाण खरंच उजवा दिसतो, शेतकरी त्याचं बियाणं मागतात आणि ‘एनएस’ आलं की एक हंगाम पाण्यात जातो. दोन आकड्यांच्या मध्ये ओढलेली पाच टक्क्यांची रेघ ही नुसती रूढी आहे, हे मलाही ठाऊक आहे. २.८१ ची पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही इतका मोठा एफ येण्याची शक्यता) सहा टक्क्यांच्या आसपास येते. पण रेघ मानायची, तर आपल्या बाजूने सुजलेला आकडा घेऊन ती ओलांडायची नाही.

‘जुना आकडा येईल अशी सोय ठेवा, आधीच्या अहवालांशी ताडून बघायला लागते,’ असं सर म्हणाले. मागणी रास्त होती. मी तसं आर्ग्युमेंट (पॅकेज वापरताना द्यायचा पर्याय) घातलं आणि ते वापरलं की तक्त्याखाली ‘दुरुस्ती न केलेली येट्स पद्धत’ अशी तळटीप आपोआप यावी असं केलं. ती मराठी तळटीप लिहिण्याचाही एक ताप आहे: कोडमध्ये थेट देवनागरी लिहिली की पॅकेज तपासताना आर वॉर्निंग देतं, म्हणून एकेक अक्षर बॅकस्लॅश, यू आणि आकडे असं लिहावं लागतं. ‘वाण’ म्हणजे ०९३५, ०९३E आणि ०९२३. एक वेलांटी चुकली तर डोळ्यांना पत्ता लागत नाही. तेवढी एक ओळ मी फार निगुतीने लिहिली होती.

अहवाल छापून आला. तक्त्यात ३.०८, त्यावर सिग्निफिकंटचा तारा. तळटीप नाही. वर्डमध्ये चिकटवल्यावर शेवटची ओळ उडवायला कितीसा वेळ लागतो?

सरांना फोन केला नाही. तळटीप वेगळी न ठेवता ओळीच्या नावातच गुंफता येईल, पण तीही पुसता येतेच. आता आणखी एका केंद्राने हेच पॅकेज मागितलंय. ते आर्ग्युमेंट ठेवून द्यायचं की काढून, माझं अजून ठरत नाही.