आडत परवाना

लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीची वार्षिक सभा. मारुतीच्या देवळासमोर सतरंज्या अंथरलेल्या. मी कंपनी सेक्रेटरी. हिशेब मंजूर करून घ्यायचे आणि पाचची एसटी पकडायची, एवढाच माझा बेत.

ऐनवेळचे विषय आले तसा एक जण उठला. एका बड्या आडत्याने निरोप धाडला होता, 10 रुपयांच्या शेअरला 40 देतो. त्याला हवं होतं ते आमचं गोदाम आणि सोयाबीनचं चाळणी-प्रतवारी यंत्र. "मॅडम, शेअर आमचा, विकायचा का नाही ते आम्ही बघू." सोयाबीनचा भाव पडलेला, बँकेचा हप्ता डोक्यावर. मला त्यांचा राग येईना.

कायदा वाचून दाखवला. शेअर द्यायचा तर दुसऱ्या सक्रिय सभासदालाच, संचालक मंडळाच्या मंजुरीने आणि दर्शनी किमतीला. म्हणजे 10 चे 10. सभासद वारला आणि त्याने नेमलेला वारस उत्पादक नसेल, तर शेअर कंपनीकडे परत. शेअर कितीही असोत, मत एकच. अर्थतज्ज्ञ योगिंदर अलघ यांच्या समितीच्या शिफारशींवरून कंपनी कायद्याच्या 2002 च्या दुरुस्तीत हे आलं. सहकाराचे नियम कंपनीच्या चौकटीत बसवायचे म्हणून. (नुसत्या सहकाराचं काय होतं, ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको.)

"पण त्या आडत्याच्या नावावर बी सातबारा हाय की!" मागून आवाज आला.

याचंही उत्तर माझ्याकडे तयार होतं. ज्याचा धंदा कंपनीच्या धंद्याच्या आड येतो, त्याला सभासद होता येत नाही. आणि सभासद झाल्यावर कुणी असा धंदा धरला, तर त्याचं सभासदत्व जातं. हे दुसरं वाक्य वाचायची खरं तर गरज नव्हती. ओघात वाचून गेले.

पुढच्या रांगेतल्या एका आजींनी पदर सावरला. "मग बाई, आपल्या चेअरमनच्या आडत परवान्याचं कसं?"

चेअरमन माझ्या शेजारीच बसले होते. परवाना गेल्या वर्षीचा. त्यांनीच मला कौतुकाने सांगितला होता आणि मी अभिनंदन करून मोकळी झाले होते. सकाळी स्टँडवर मला घ्यायलाही तेच आले होते.

मी इतिवृत्ताची वही ओढली आणि आजींचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून घेतला. चेअरमन वहीत बघत होते. एसटी कधीच गेली होती.