शेवटचा फर्मा

रद्दीवाल्याच्या काट्यावर आमची वर्तमानपत्रं चढत होती आणि मी सवयीनं मागच्या ढिगात हात घालून बसलो होतो. (तू रद्दी द्यायला जातोस की आणायला, हा घरातला जुना प्रश्न.) एक कादंबरी वर आली. कुठलंतरी पान उघडलं, तर 'तिच्या ओठांवर गूढ स्मित तरळले', आणि दोनच ओळी खाली तोही गूढ हसला. दहा रुपये दिले, जेवण झाल्यावर पुस्तक घेऊन खुर्चीत बसलो. विसाव्या पानावर डोळा लागला.

जाग आल्यावर वाटलं, यात पुस्तकाचा दोष नाही. पुस्तक हवं तेवढं वाईट होतं. माणसं कमी पडली.

चांगलं पुस्तक वाचताना शेजारून कुणी 'काय वाचतोयस' विचारलं तरी माझं टाळकं सरकतं. वाईट पुस्तकाचं पत्त्यांच्या डावासारखं आहे, चौघं तरी लागतातच.

आमचे चौघं वाईला जमायचे. मे महिना, आत्याचं घर, वरचा माळा. सकाळी नदी, मग आंबे, मग जेवण. मोठी माणसं आडवी झाली की माळ्यावर सभा भरायची. बाजारातल्या एका दुकानात पुस्तकं भाड्यानं मिळायची, दिवसाला पंचवीस पैसे. त्यातलं एक तर दुकानदारानं परत घेतलंच नाही. कव्हर गेलेलं, नावाचं पान गेलेलं, लेखक कोण ते देवाला ठाऊक. 'असूदे तुमच्याकडेच,' म्हणाला. ते आमचं सगळ्यात लाडकं.

वाचायची पद्धत आत्याच्या चातुर्मासातल्या पोथीवरून उचललेली. वाचणारा पाटावर. पुस्तक जमिनीवर टेकवायचं नाही. एकानं दोन वाक्यं वाचायची, थोरल्या आत्तेभावानं बुवांच्या आवाजात अर्थ सांगायचा. 'तिच्या डोळ्यांतून दोन मोती ओघळले आणि त्यांतला एक चहाच्या कपात पडला.' यावर भाऊ डोळे मिटून म्हणायचा, 'म्हणजे काय, तर श्रोतेहो, चहा बिनसाखरेचा होता. आता खारटही झाला.' 'गूढ' हा शब्द आला की प्रत्येकानं मध्ये एक चिंचोका टाकायचा. आधी हसेल त्यानं खाली जाऊन माठातलं पाणी आणायचं. जिना अंधारा आणि करकरणारा, त्यामुळे हसू दाबायची सगळ्यांची पराकाष्ठा. नायकाची दाढीमिशी चाळिसाव्या पानावर सफाचट होती आणि सत्तेचाळिसाव्या पानावर तो मिशीला पीळ भरत होता, तेव्हा मात्र चौघंही एकदम फुटलो. पाणी कुणी आणायचं यावर भांडण झालं.

त्याच गावात त्या वेळी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोश तयार होत होता. 1976 साली पहिला खंड निघाला होता, पुढच्यांचं काम चालू होतं. अवघं ज्ञान अकारविल्हे लावणारी माणसं हाकेच्या अंतरावर, आणि आम्ही माळ्यावर चिंचोके मोजतोय. सत्तावन्न 'गूढ' भरले होते.

आमच्याआधी कितीजणांनी ते पुस्तक वाचलं होतं, त्याच्या खुणा समासात होत्या. एकानं पेन्सिलीनं 'थापा!' लिहिलेलं. दुसऱ्या कुणीतरी, 'खुनी कोण हे जाणून घ्यायचे असल्यास पान 86 पाहा.' शहाऐंशीवर, 'पान 31 पाहा.' एकतीसवर, 'पान 184.' ही साखळी कुठे जाते ते भाड्याची पुस्तकं वाचलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, शेवटच्या पानावर 'तू गाढव आहेस' असतं. पण आमचं पुस्तक 176 पानांवरच संपत होतं. शेवटचा सोळा पानांचा फर्माच गळालेला. त्यामुळे खुनी कोण ते कळलं नाही आणि गाढव कोण तेही अधिकृतपणे ठरलं नाही.

याचं दुःख आम्हांला नव्हतं. आत्याला होतं.

आत्या दुपारी झोपायची नाही. अडकित्ता आणि सुपारीचा डबा घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायची. आम्ही खिदळत असताना अडकित्ता थांबायचा. 'हसू नकोस रे, वाच पुढं.' ती हसत नव्हती. चहाच्या कपात मोती पडला तेव्हा तिनं पदर डोळ्यांना लावला होता, हे मी पाहिलंय. पुस्तक अर्ध्यात संपल्यावर ती दुकानदाराला चार शब्द सुनावून आली. नंतर कितीतरी वर्षं, कुणाच्या लग्नात पंगतीला बसल्यावर मध्येच म्हणायची, 'त्या दिवाणजीनंच केलं असणार.'

ऑक्सफर्डला टॉल्किन आणि सी. एस. लुईस या लेखकांची 'इंकलिंग्ज' नावाची मित्रमंडळी होती. तीही हाच खेळ खेळायची. आयर्लंडच्या अमांडा मकिट्रिक रॉस या बाईंचं लेखन मोठ्यानं वाचायचं आणि न हसता कोण जास्त वेळ टिकतो ते बघायचं. एवढे मोठे लोक आमच्या पंगतीला म्हणून मला कोण आनंद झाला होता. मग कळलं की बाईंची पहिली कादंबरी 1897 साली त्यांच्या नवऱ्यानं पदरचे पैसे घालून छापून घेतली होती. तो लार्न स्टेशनचा स्टेशनमास्तर. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाची भेट होती ती. तेव्हापासून या खेळात माझं एक वाक्य अडखळतं. खेळ सोडलाय असं नाही.

तर रद्दीतल्या पुस्तकाच्या एका पानाचा फोटो काढून भावंडांच्या ग्रुपवर टाकला. बुवा आता बडोद्याला असतो, नातवाला सांभाळतो. त्याचं लगेच उत्तर आलं, 'श्रोतेहो, आधी शेवटची पानं आहेत का बघा.'

बघितली. सगळी आहेत. यात खून डॉक्टरनं केलाय.

आत्याला पटलं नसतं.