आलेख खाली का आला?

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक आणि ई. कोलाय हे जिवाणू घेतले, तेव्हा उत्तर मला आधीच ठाऊक आहे असं वाटत होतं. जंतुनाशक पेशीपटलाला भोकं पाडतं, आतलं बाहेर गळतं. मात्रा वाढली की गळतीही वाढणार.

पद्धत साधी होती. कल्चर, म्हणजे वाढवलेल्या जिवाणूंचा द्रव, सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवून पेशी तळाशी बसवायच्या, त्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवायच्या, क्लोरहेक्सिडिन घालायचं, पुन्हा फिरवायचं आणि वरच्या द्रवाचं २६० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. गळालेले डीएनए-आरएनएचे तुकडे तिथे प्रकाश शोषतात.

पहिला आठवडा वाया गेला. सरांनी एवढंच विचारलं, "ब्लँक कशाचा ठेवला होतास?" ब्लँक म्हणजे ज्याचं रीडिंग शून्य धरायचं तो नमुना. माझा होता नुसत्या पाण्याचा. क्लोरहेक्सिडिन स्वतःच त्या टापूत प्रकाश शोषतं, म्हणजे मी गळती समजून औषधच मोजत होतो. मग प्रत्येक मात्रेला त्याच मात्रेचा ब्लँक ठेवला.

आता मात्रा आणि गळतीचा आलेख चढला, आणि पुढे चक्क उतरला. जास्त मात्रेला कमी गळती! हात चुकला असेल म्हणून नवी डायल्यूशन्स केली, पिपेट तपासली, तीनदा सगळं पुन्हा केलं. उतार तिथेच.

उत्तर जुन्या पेपरांत सापडलं. ह्यूगो आणि लाँगवर्थ या संशोधकांनी १९६० च्या दशकातच हे नोंदवलं होतं. क्लोरहेक्सिडिनच्या रेणूवर धन भार असतो, जिवाणूच्या पृष्ठभागावर ऋण. ई. कोलायचं बाहेरचं पटल कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या आयनांनी बांधलेलं असतं. क्लोरहेक्सिडिन त्यांना हुसकून जागा घेतं आणि आतल्या पटलापर्यंत पोचतं. कमी मात्रेत आधी पोटॅशियमसारखे छोटे आयन गळतात, मग मोठे रेणू. मात्रा वाढली की मात्र आतलं पेशीद्रव्यच साकळतं. साकळलेलं बाहेर येणार कसं? हे वाचून मी वही उघडून तो उतार कितीतरी वेळ पाहत बसलो.

शेवटी जिवंत पेशी मोजायच्या राहिल्या होत्या. त्यासाठी पेशी पोषक जेलीच्या प्लेटवर वाढवतात; तिथे उरलेलं औषध वाढ दाबून धरतं आणि जिवंत पेशीही मेल्यासारख्या दिसतात, म्हणून आधी लेसिथिन आणि ट्वीन ८० घालून ते निष्प्रभ केलं. ३७ अंशांवर रात्रभर ठेवून सकाळी इन्क्युबेटर उघडला. गळती नुकती सुरू झाली होती त्या मात्रेच्या प्लेटवर विरळ, फिकट कॉलनी, म्हणजे जिवंत पेशींपासून वाढलेले ठिपके, होत्या. आलेख जिथे खाली आला होता, तिथली प्लेट कोरी होती.