मामांच्या टॉवेल कारखान्याचा डेटा, भाग दुसरा : नॅस लागला, आता कुलपं

मागच्या वेळी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ऑफिसात नॅस, म्हणजे सगळ्या पीसींनी नेटवर्कवरून फायली ठेवायची मशीन, लावून त्यावर ट्रूनास हे सॉफ्टवेअर बसवून ठेवलं होतं, 4 टीबीच्या दोन डिस्क, मिरर, म्हणजे दोन्हीवर तोच डेटा. एक डिस्क मेली तरी काम चालतं एवढंच, कुणी फाईल उडवली तर ती दोन्हीकडून उडते, त्यामुळे खरं काम आत्ता सुरू झालंय.

स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाला फायली जशा होत्या तशी गोठवलेली स्थिती, दर तासाला लावलेत आणि दोन आठवडे ठेवतोय. ते रीड ओन्ली असतात, म्हणजे ऑफिसच्या पीसीत रॅन्समवेअर (फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) घुसून शेअरमधलं, म्हणजे नॅसवरच्या सामायिक फोल्डरमधलं, सगळं लॉक केलं तरी जुन्या फायली जागेवरच. टेस्ट शेअरवर एका स्क्रिप्टने सगळ्या फायली नव्याने लिहून बघितल्या तर परत आणायला काहीच वेळ लागला नाही, पण जागा बघा! जुने ब्लॉक स्नॅपशॉटने धरून ठेवलेले आणि वरून नवे, म्हणजे जवळपास दुप्पट. पूल (नॅसची एकूण डिस्कची जागा) अर्ध्याच्या वर भरलेला असेल तर हे गणित आधीच करून ठेवा. मी आता जागा अचानक वाढली की मेल येईल असं लावलंय, हल्ला झाल्याची खूण म्हणूनही ते कामाला येतं.

आता नॅसचाच अ‍ॅडमिन पासवर्ड गेला तर स्नॅपशॉटही गेले ना. म्हणून टू फॅक्टर (पासवर्डसोबत मोबाईलवरचा कोडही) चालू केलं, आणि घरी एक जुना पीसी ठेवलाय तो रात्री वायरगार्ड या व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या बंदिस्त खाजगी रस्त्याने, डेटा स्वतः ओढून घेतो. ऑफिसच्या कुठल्याच मशीनकडे घरच्या पीसीचा पासवर्ड नाही, हे महत्त्वाचं. ऑफिसमधून ढकलायचं ठेवलं असतं तर चोराला तोच रस्ता मोकळा होता. राऊटरवर नॅसचं एकही पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडं नाही, जानेवारी 2022 मध्ये डेडबोल्ट या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस कसे लॉक केले ते आठवा.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते जकार्डच्या डिझाईनवाल्या पीसीने. विंडोज एक्सपी आहे, सॉफ्टवेअर दुसऱ्यावर चालत नाही, आणि तो फक्त एसएमबी 1, म्हणजे नेटवर्कवर फायली शेअर करायची जुनी पद्धत, बोलतो. 12 मे 2017 ला वॉनाक्राय हा रॅन्समवेअर पसरला तो याच एसएमबी 1 मधल्या भोकातून, पॅच मार्चमध्येच आला होता पण तेव्हा एक्सपीला नव्हता. नॅसवर एसएमबी 1 चालू करणार नाही म्हणजे नाही. पीसीची नेटवर्क केबलच काढली, डिझाईन पेन ड्राईव्हने जातं, आधी दुसऱ्या पीसीत स्कॅन करून. मामा म्हणाले, “काय बे, माझ्याच डिझाईनला आता मी पास काढू का?” काढा म्हटलं.

टॅलीचं फोल्डर नुसतं कॉपी करत नाही, टॅली उघडी असताना अर्धवट लिहिलेलं उचललं जाऊ शकतं, म्हणून अकाउंटंट काका संध्याकाळी टॅलीतूनच बॅकअप घेतात आणि तो शेअरवर पडतो. मामांच्या लॅपटॉपला बिटलॉकर (विंडोजचं अख्ख्या डिस्कला लावायचं कुलूप), त्याची रिकव्हरी की कागदावर छापून मामींच्या कपाटात.

बाकी विंडोज 10 चे दोन पीसी आहेत, सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 लाच संपलाय, एकात विंडोज 11 ला लागणारी टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप नाही तो बदलायलाच लागेल, मामा अजून “चालतंय की” वर अडून आहेत. आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या ऑफिसात डिस्क 50 अंशाच्या वर जाते. इथल्या गरमीत कुणी नॅस एसीशिवाय चालवत असेल तर कॅबिनेट आणि पंखे कसे लावलेत ते सांगा, फोटो टाकलात तर अजून बरं.