शाळेत खातो, मग घरी का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बालवाडी सुटली की दारात उभ्या असलेल्या आया, आज्या, हल्ली बाबासुद्धा मला हेच विचारतात : "बाई, शाळेत काकडी-गाजर खातो म्हणे, घरी ताटाकडे बघत नाही. असा कोणता खेळ घेता तुम्ही?"

खेळ अगदी साधा आहे. एक कापडी पिशवी आणि तिच्यात मंडईतून आणलेलं काहीबाही. डोळे मिटून हात घालायचा, चाचपायचं आणि ओळखायचं. वांग्याच्या देठाचा काटा टोचला की हात झटकन बाहेर येतो. भेंडीची लव बोटांना कळते. कारलं तर हात लागताच ओळखतात आणि ओरडून सांगतात. मग वास घ्यायचा, मी चिरताना बघायचं. भेंडी आडवी चिरली की आत चांदणी दिसते, ती रंगात बुडवून कागदावर उठवायची. काकडीची चकती मात्र खायचीच असते : एकाने चावायची, बाकीच्यांनी आवाज ऐकायचा. कोणाची काकडी जास्त करकरली यावर भांडणंही होतात. ज्याला चावायची नाही, त्याने नुसतं ऐकावं. "खा" असं मी कुणालाच म्हणत नाही.

घरी नेमकं हेच होत नाही. घरी चार माणसांचे डोळे त्याच्या तोंडाकडे लागलेले असतात.

दोन ते सहा वर्षांच्या मुलांना अनोळखी चव नकोशी वाटते, कडू तर जास्तच. हा हट्ट नव्हे, वयच तसं असतं. नवी भाजी आवडायला ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते. आपण दोन-तीनदा वाढतो आणि "ह्याला दोडका आवडत नाही" असं त्याच्या देखत जाहीर करून टाकतो. तो ते लक्षात ठेवतो आणि तसाच वागतो. खेळात दोडक्याची गाठ वारंवार पडते आणि दर वेळी तो गिळावा लागत नाही, एवढंच माझं गुपित.

म्हणूनच मोबाइल लावून घास भरवणं किंवा "भाजी संपव, मग चॉकलेट" हे खेळ मला पटत नाहीत. चॉकलेटच्या सौद्यात मूल एवढंच शिकतं, की भाजी सोसायची असते आणि चॉकलेट मिळवायचं असतं. काऊ-चिऊचा घास वर्षाच्या बाळाला छानच, पण चार वर्षांच्या मुलाच्या हातांना काम हवं.

आपल्या बोरन्हाणात हे सगळं आहे! संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत लहानग्यांच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे ओततात आणि पोरं ते लुटतात. तिथे कुणी आग्रह करत नाही, तरी मुठी भरलेल्या असतात आणि तोंडंही चालू असतात. फक्त तिथे आणि घरच्या खेळातही एक काळजी घ्याच : बोराची बी, शेंगदाणे, अख्खं द्राक्ष, कच्च्या गाजराचा तुकडा लहान मुलांच्या घशात अडकू शकतो. द्राक्ष उभं चिरून द्या, गाजर किसून किंवा वाफवून. आणि खाताना मूल बसलेलं असू दे, पळत नको.

किती खायला हवं, हेही विचारता. जागतिक आरोग्य संघटना दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान 250 ग्रॅम सांगते. आकड्याने घाबरू नका, त्यात फळं आणि भाज्या दोन्ही धरल्यात. एक मध्यम केळं सोललं तरी साधारण शंभर ग्रॅम भरतं.

सुरुवात मटारापासून करा. त्याला शेजारी बसवा, शेंगा त्याच्या हातात द्या, कोणाच्या शेंगेत जास्त दाणे निघतात ते मोजा. सोलता सोलता दोन-चार दाणे त्याच्या तोंडात जातील. जाऊ देत. तुम्हीही खा, पण त्याच्याकडे बघू नका, शाबासकीही देऊ नका. आणि सुरुवातीचे काही दिवस जेवताना भाजीचा विषयच काढू नका.